बोटीआधीच्या रात्री

अहो,

कीर्तनाला जाते. बुवांचं आख्यान अर्ध्यावर टाकून माझ्याच्याने उठवत नाही, तेव्हा उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

ट्रॅव्हलवाल्या बाईंचा फोन होता. बोटीवर चढण्याआधी स्कँडिनेव्हियातल्या त्या शहरात किती रात्री राहणार, हे त्यांना आजच हवं होतं. तुम्ही म्हणाला होतात, एक रात्र पुरे. लेक तिथेच राहते आणि तुम्ही तिच्याशी तीन वर्षं बोलला नाहीत, म्हणून मीही गप्प बसले.

पण आज तुमची बॅग आवरताना मोज्यांत गुंडाळलेली बाळाची लोकरी टोपी हाती लागली. नातवाला ती घालून बघायला एक रात्र कशी पुरेल? मी चार सांगितल्या.

टोपी होती तिथेच ठेवली आहे. मी काही पाहिलेलं नाही.