ढवळीच्या अंगावरचा गेरू

बाबा, आज दुपारी इथे आखातात एक घोडी गाडीत चढायला तयार होईना. आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, हौसेने नवीन घेतलेली. अरबाबला घोड्यातलं काही कळत नाही. त्याने ठेवलेल्या ट्रेनरला कळतं असं ट्रेनरच सांगतो. काळा चष्मा, गुडघ्यापर्यंत बूट, आणि तोंडाने एकसारखं चालूच. घोडी गाडीच्या फळीवर एक पाय ठेवायची आणि मागे सरायची, की हा चाबूक हवेत फिरवायचा. मी पाण्याच्या बादल्या भरत होतो. बघता बघता वाटलं, अगदी असाच माणूस मी आधी बघितलाय. मग आठवलं. भांडुपला, म्हशींच्या तबेल्यात, आपल्या ढवळीसमोर.

तुम्ही घोडी घेतली तेव्हा आई महिनाभर तुमच्याशी धड बोलत नव्हती. गिरणी गेली, हाताला काम नाही, डोंगरावरच्या चाळीतले सगळे सांगत होते रिक्षा घ्या, नाहीतर भाजीची गाडी लावा. आणि तुम्ही एक दिवस दोरीला धरून पांढरी घोडी घेऊन आलात. मुलुंड-घाटकोपरला लग्नं काय थोडी लागतात, प्रत्येक नवऱ्याला घोडी लागते, हा तुमचा हिशोब. त्यात चूक काही नव्हती. फक्त तुम्ही जन्मात घोडा पाळला नव्हता. गावाला बैल पाळले होते, तेवढंच. खालच्या तबेल्यात तबेलेवाल्या भय्याने म्हशींच्या रांगेत शेवटचा खुंटा दिला, तिथे तुम्ही तिला बांधलंत आणि गाईचं ठेवावं तसं नाव ठेवलंत, ढवळी. सकाळी आईच्या डब्यातले कुळीथ उकडून तिला चारायचात. आई म्हणायची, घरात पिठीला कुळीथ नाय आणि ह्या सवतीक रोज ताटभर. तुम्ही हसायचात आणि ढवळीच्या गळ्याखाली खाजवत बसायचात, बैलाला खाजवतात तसं. तिला पुढे न्यायचं तर लगाम ओढायचा हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही तिच्याकडे पाठ करून पुढे चालायला लागायचात, "होऽ बाय, होऽ" करत, नांगराच्या पुढे चालल्यासारखे. आणि ती यायची.

मग तो उस्ताद आला. रेसकोर्सवर घोडे शिकवलेत, शूटिंगला घोडे पुरवलेत, एका हिरोला तर आपणच बसायला शिकवलं, असं सांगायचा. कुठला हिरो ते दर आठवड्याला बदलायचं. पण मला तो आवडला होता, बाबा. सातवीत शाळा सोडून मी नुसता भटकत होतो, कुठेच मन लागत नव्हतं, आणि हा माणूस बूट घालून शेणातून असा चालायचा की म्हशीसुद्धा बाजूला होतील. त्याने तुम्हाला सांगितलं की वरातीची घोडी नाचली पाहिजे, न नाचणारी घोडी कोण बोलावणार. तुम्ही मान डोलावलीत. आपल्याला काय कळतंय, त्याला कळतं, असं मला म्हणालात. तो रोज संध्याकाळी रॉकेलचा रिकामा डबा ढवळीच्या कानाशी बडवायचा आणि तिच्या पुढच्या पायांवर चाबूक मारायचा, म्हणजे ती पाय उचलते. ते नाचणं. तोंडात त्याने तार गुंडाळलेला लगाम घातला होता. थोड्याच दिवसांत असं झालं की तबेल्यात कुणाचा पत्र्याचा डबा पडला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. तुम्ही हळूच विचारलंत, उस्ताद, जरा जास्ती होत नाय ना? तो म्हणाला, "अरे चाचा, ये घोडी है, तुम्हारे गाव का बैल नहीं." रात्री जेवताना एवढंच म्हणालात, "जनावर ता जनावर."

पुढे पुढे त्याची भाषा बदलली. ही घोडीच खोटी आहे, हिच्या डोक्यात दोष आहे, कुणाला तरी पाडेल एक दिवस, असं तो सांगायला लागला. वर, तुम्ही साधी माणसं, ही ब्याद मी घेऊन जातो, ओळखीने कुठेतरी लावतो. भय्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याला पहिल्या दिवसापासून तीच पाहिजे आहे. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, असेल. पण ती नाचत नाही हे तर खरं ना. मुलुंडचं पहिलं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच. उस्तादशी तुमचा शब्द झाला. त्या वरातीत घोडी चालली तर आपली, नाही चालली तर रात्री तो तिला घेऊन जाईल.

आणि मध्ये आली दिवाळी. पाडव्याला तुम्ही जे केलंत ते आठवलं की मला अजून हसू येतं. गावाला गुरांच्या अंगावर गेरूचे ठसे मारतात ना, तसे तुम्ही आईचा तुळशीवृंदावनाचा गेरू कालवून, करवंटी बुडवून बुडवून, पांढऱ्याशुभ्र घोडीच्या अंगावर लाल गोल मारलेत. पाठीवर, पुठ्ठ्यांवर, मानेवर. गळ्यात झेंडूची माळ. घावणे चारलेत. वर्षाचा सण, तिका कोण आसा आपल्याशिवाय, असं म्हणालात. दुसऱ्या दिवशी उस्तादने ते बघितलं आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. आम्ही सोड्याने धुतलं, साबणाने धुतलं, मी घासायला विटेचा तुकडासुद्धा काढला होता पण तुम्ही हातातून घेतलात. गेरू फिका झाला, पण गेला नाही. लग्नाच्या दिवशीही अंगभर गुलाबी चकत्या होत्याच.

तो दिवस मला आत्ताही समोर दिसतो. मुलुंडची कॉलनी, पंजाबी लोकांचं लग्न, बँडवाले लाल कोट घालून उभे. तुम्ही गिरणीतल्या मित्राचा कोट घातलाय, बाह्या लांब. ढवळीवर जरीची झूल आहे, पण मानेवरच्या आणि पुठ्ठ्यावरच्या चकत्या झाकल्या जात नाहीत. नवरा अजून खालीच आहे. ताशावर पहिली काठी पडते आणि ढवळी थरथरते, मागे येते. उस्ताद चाबूक मारतो. ती पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहते, बायका ओरडत बाजूला होतात, नवऱ्याचा काका म्हणतो दुसरी घोडी बोलवा. उस्ताद तुमच्या कानाशी येऊन म्हणतो, मैंने बोला था ना चाचा. मी तुमच्याकडे बघतो. मला वाटतं आता तुम्ही दोरी त्याच्या हातात देणार.

तुम्ही बँडवाल्यांना हात केलात. थांबा जरा. मग उस्तादला म्हणालात, "उस्ताद, तुम बाजू हो जाव." आवाज चढवला नाहीत. ढवळीच्या तोंडातून तो तारेचा लगाम काढलात, माझ्या हातात दिलात, आणि गळ्यात आपलं गावचं सुती दावं बांधलंत. कपाळ तिच्या मानेला लावून थोडा वेळ उभे राहिलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मग तिच्याकडे पाठ केलीत. एवढ्या लोकांसमोर, उधळलेल्या घोडीकडे पाठ. "होऽ बाय, होऽ." ती तशीच उभी होती. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत, एक पाऊल टाकलंत, दुसरं टाकलंत. आणि तिने येऊन तोंड तुमच्या खांद्यावर ठेवलं.

नवऱ्याला वर बसवलं तेव्हा तो घामाने भिजला होता. त्याने वाकून हळूच विचारलं, "चाचा, ये नाचेगी तो नहीं?" तुम्ही म्हणालात, "नहीं नहीं, ये नाचनेवाली नहीं, कामवाली है." तेव्हा कुठे बिचाऱ्याने दोन्ही हातांनी धरलेली आयाळ सोडली. पुढे तुम्ही, तुमच्या खांद्यावर तोंड ठेवून ढवळी, आणि मागे बँड, बराच मागे, कारण मीच त्यांना सारखा मागे ढकलत होतो. दारात नवऱ्याच्या बहिणींनी त्यांच्या रीतीप्रमाणे तिला भिजवलेली चण्याची डाळ भरवली. आणि नवऱ्याची आजी जवळ आली, चष्मा पुसून मानेवरच्या चकत्यांवरून हात फिरवला आणि सगळ्यांना मोठ्याने म्हणाली, "देखो, घोडी को मेहंदी लगाई है!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, हां जी.

मग मुलुंडहून, घाटकोपरहून लोक विचारत यायला लागले, ती मेहंदीवाली घोडी तुमचीच का. आईच कालवून द्यायला लागली गेरू, आणि कुळीथ जास्तीचे आणायला लागली, न बोलता. उस्ताद त्या वरातीतून कधी गेला कळलंच नाही. पुढच्या वर्षी मला कुर्ल्याला दिसला, एका नव्या घोडीवाल्यासमोर. घोडीच्या अंगावर लाल गोल मारत होता आणि सांगत होता, ही जुनी राजघराण्यातली पद्धत आहे, हर एक को मालूम नहीं. मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही जेवता जेवता हसलात, ठसका लागेपर्यंत. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. ढवळी त्यानंतर बरीच वर्षं भय्याच्या मुलाबरोबर वरातींना जात राहिली. मी इकडे यायच्या आदल्या दिवशी तिला भेटून आलो. म्हातारी झाली होती. खांदा पुढे केला तर तोंड ठेवलं तिने.

तर आजचं सांगत होतो. ट्रेनर चहाला गेला. मी बादल्या ठेवल्या, घोडीचा लगाम सैल केला, पाठ केली आणि फळीवर चढलो. होऽ बाय, होऽ. एकदा थांबली, फुरफुरली, मग मागून तिच्या नाकाचा गरम वारा मानेला लागला. अरबाब लांबून बघत होता. त्याने विचारलं, हे कुठे शिकलास.

हे पत्र आईच्या नावाने टाकलं असतं, पण ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेणार आणि पुढचं ऐकून साऱ्या चाळीला सांगत सुटणार. म्हणून गादीखालीच ठेवतो. पुढचं असं, की मी अरबाबला सांगितलं, माझे वडील मुंबईतले मोठे उस्ताद होते, त्यांनी शिकवलं. ते घोड्यावर कसे बसायचे असं अजून कुणी विचारलेलं नाही, ते बरं आहे. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, इतकी वर्षं घोड्यांत काढली, पण मीही अजून एकाही घोड्यावर बसलेलो नाही.