सरोजच्या हाडांचं चित्र

३ डिसेंबर २०२४, पेण

आला रिपोर्ट. सरोजच्या स्तनातली गाठ कॅन्सरचीच! रोह्याहून फोन तिच्या नवऱ्याने केला, कमळाकररावांनी. "बहिणीला फोन द्या" म्हटलं, तर "ताई, ती बोलायच्या स्थितीत नाही. मी आहे ना." आता हाडांचा स्कॅन. हाडांत पसरलाय की नाही, यावर पुढचं सगळं.

५ डिसेंबर, रोहा

दर आठवड्याला पेणच्या साप्ताहिकात मी कुणाची ना कुणाची सालटी काढते. कमळाकररावांपुढे मात्र लेखणी बोथट! कंपनीत शिफ्ट बदलून घेतली, मऊ भात स्वतः शिजवतात, सरोजला एकटीला अंगणातही जाऊ देत नाहीत. शेजारची रंभा तिला म्हणाली, "देवमाणूस हाय गो तुझा नवरा! आमचा मेला पाण्याचा तांब्या उचलत नाय." सरोज हसली. मग कूस बदलताना कण्हली, डाव्या अंगाला. कॅन्सर हाडांत गेला की काय?

६ डिसेंबर

झोप नाही. विनोद सुचत नाही.

९ डिसेंबर

स्कॅन झाला. नवी मुंबई गाठेपर्यंत वडखळच्या खड्ड्यांनीच सगळी हाडं मोजली होती, यंत्राला काय उरलं! पण यंत्र पाहिलं आणि थट्टा विसरले. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. ते हाडांत जाऊन बसतं — जिथे हाड दुखावलेलं, जिथे ते स्वतःची डागडुजी करतंय, तिथे जास्त. दुपारी यंत्र अंगावरून हळू सरकलं. काप नाही, चीर नाही, आणि अख्खा सांगाडा पडद्यावर! ज्याला हे सुचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आधी स्कॅन करणाऱ्या मुलीने सरोजला विचारलं होतं, "कुठे पडलात, मार लागला असं काही?"

"छे हो," कमळाकरराव म्हणाले, "तिचं सगळं मीच बघतो." सरोजने तोंड उघडायच्या आत उत्तर तयार! इतकं लक्ष देणारा कुणी भेटता, तर मीही लग्न केलं असतं.

११ डिसेंबर

पसरलेला नाही! मी दवाखान्यातच रडले, चक्क.

मग डॉक्टरबाईंनी कमळाकररावांना बाहेर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं. चित्रात डावीकडच्या तीन बरगड्यांवर, एकाखाली एक, काळे ठिपके. "हा कॅन्सर नाही. या बरगड्या मोडल्या होत्या, आता भरून येतायत. कशाने मोडल्या?"

सरोजने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ताई, आज मला पेणला ने."