अस्वल अंधारात काय म्हणतं

प्रिय बाईसाहेब,

आज भेटायला आलो आणि गळक्या नळाबद्दल बोलून परत फिरलो. जे बोलायचं होतं ते ओठांवर आलंच नाही, म्हणून हे लिहून नर्सबाईंकडे देतोय. परवा तुझ्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, आणि तू आपली हसतेस, "बरंच की, तुमच्या कानांना आराम!" मला नाही हसू येत.

सकाळी तुझ्याऐवजी मी शाळेत गेलो, अस्वलाची पुस्तकं वाटायला. छापखान्याने टाके उसवलेल्या प्रती फुकट दिल्या, म्हणून काय तशाच मुलांच्या हातात द्यायच्या? मागे तू याच मुलांना गोष्ट सांगून आलीस तेव्हा मी पुस्तकं नव्याने टाके घालायला अडवून धरली, म्हणून केवढी चिडली होतीस. आता बघ, एक पान निसटणार नाही. बांधणी मला कुणी शिकवली नाही. जुनी पुस्तकं उसवत उसवत शिकलो, आणि वाचायलाही तसाच. तरी त्या पहिलीच्या पोरांसमोर पुस्तकं उगाच दोनदा मोजली. एकाने विचारलं, परत कधी द्यायचं? कधीच नाही म्हटल्यावर त्याने पुस्तक झटकन शर्टाच्या आत घातलं. न जाणो, माझा विचार बदलला तर!

मग वाचून दाखवलं, काना-मात्रेचीही चूक न करता. शेवटच्या पानावर दिवा विझला. अस्वल झोपलं. पुस्तक मिटलं तर हा गलका! "काका, मधलं गाळलंत! अंधारात अस्वल काय म्हणतं ते?" मी पान उघडून दाखवलं. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी ते नीट न्याहाळून म्हणाली, "मग पुस्तक चुकलंय." म्हटलं, तुम्हीच सांगा, तर सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले. ते म्हणे कानातच सांगायचं असतं, आणि फक्त बाईंनीच.

इतकी वर्षं मी कुरकुरत आलो, की पुस्तकात आहे तेवढंच वाच, पदरचं घालू नकोस. आणि तुझी गोष्ट शेवटाला आली की मी वर्गाबाहेर पुस्तकांची रिकामी खोकी आवरत असायचो, म्हणून हे कधी कानावर पडलंच नाही. आता घरात भांडं वाजलं तरी दचकतो. तू नळावर ओरडायचीस, मांजरावर ओरडायचीस, माझ्या कात्रीलासुद्धा सोडायची नाहीस. ते सगळं थांबलंय. हे असंच राहिलं तर? दिवा मालवायचा धीर होत नाही, चालूच ठेवून झोपतो. पन्नाशी उलटलेला माणूस! कुणाला सांगू नकोस.

उद्या भेटायच्या वेळेला येईन. नळाचं नाव काढणार नाही. खुर्ची तुझ्या उशीपाशी ओढून घेईन, आणि तू माझ्या कानात सांग, दिवा विझल्यावर अस्वल काय म्हणतं ते. पुढे कधी तुझ्याऐवजी मलाच मुलांच्या कानात सांगावं लागेल, हे खरंच. पण आधी मला ऐकायचंय, तुझ्या आवाजात.

तुझाच,
दिवा चालू ठेवून झोपणारा