उलटा 'प' आणि तेवीस चेहरे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा चित्रे कोरून छापण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाला तो पटलेला नाही, परंतु त्याची संमती कायद्याने लागत नाही. यापूर्वीची तीनही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. वरच्या मजल्यावरचे राहते घर सामानसुमानासह धाकट्या भावास द्यावे. भावजयीने माझी पाच चित्रे स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरली आहेत, ती तशीच राहू द्यावीत. निदान डब्यांनी तरी कधी तक्रार केलेली नाही.

२. माझ्या अकरा कोरण्या चित्रशाळेस द्याव्यात. तेथील ज्या परीक्षकांनी माझे काम 'नीटनेटके' म्हणून निकालात काढले, त्यांना सर्वांत बोथट कोरणी आठवणीने द्यावी.

३. तळमजल्यावरची कार्यशाळा व छापयंत्र, गल्लीत ज्यांना सगळे 'उलटे' म्हणतात, त्या गृहस्थांना द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे, आणि त्यात माझी शोभा होणार आहे.

हे गृहस्थ एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. उलटी अक्षरे सुलटी असल्यासारखी वाचत. छापखाना बंद पडला, भाड्याची खोली गेली, आणि ते माझ्या कार्यशाळेच्या पायरीवर झोपू लागले. मी रोज सकाळी पायरी धुण्याच्या निमित्ताने बादलीभर पाणी ओतत असे. पायरी काही इतकी मळत नव्हती.

त्याच आठवड्यात मी एका संस्थेसाठी भित्तिपत्रकाचा ठसा कोरत होते: 'बेघरांना आपलं म्हणा'. खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

"बाई, छापू नका. 'आपलं'मधला 'प' तुम्ही सुलटा कोरलाय. कागदावर उलटा येईल."

मी पाहिले. खरेच होते. त्यांच्या पँटचे पाय अजून ओले होते. नाइलाजाने दार उघडले. आत येऊन त्यांनी ठसा न्याहाळला.

"हा पोत्याखाली मुटकुळं करून पडलेला कोण?"

"बेघर माणूस."

"याला चेहरा कुठंय?"

मी कोरणी खाली ठेवली. मग तेच म्हणाले, "मला काढा. पण झोपलेला नको, झोपलेला सगळेच बघतात. बसलेला काढा, चष्मा लावून."

४. त्या दिवसापासून कोरलेले तेवीस ठसे कोणत्याही सबबीवर विकू नयेत. रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला मी विचारले, "कसं काढू?" एकीने आधी केस विंचरून घेतले. एकाला हातात छत्री हवी होती. नव्हती, म्हणून मी माझी दिली. ती परत आलेली नाही, तीही त्यालाच दिली असे समजावे. चित्रे आम्ही बाजारपेठेतल्या दुकानांच्या काचांत लावली, सर्वांत आधी औषधांच्या दुकानात.

५. धाकटा भाऊ तेव्हा व्यापारी मंडळाचा अध्यक्ष होता. बाजारपेठेतल्या बाकांवर कोणी आडवे होऊ नये म्हणून मधोमध लोखंडी दांडे त्यानेच बसवले होते. चित्रे उतरवायला तो तावातावाने आला आणि सतराव्या चित्रापुढे थबकला.

"ताई, या आमच्या भूगोलाच्या बाई."

"हो."

"कुठं असतात?"

"बाकावर असायच्या. तू दांडे बसवलेस त्या."

 पुढच्या रविवारी तो पाना घेऊन एकटाच गेला आणि सगळे दांडे काढून आला. नंतर पंधरा दिवस त्याची कंबर धरली होती. मी हसले, पण शेकायला पिशवीही पाठवली. बाई आता त्याच्या दुकानामागच्या खोलीत राहतात आणि त्याच्या पत्रांतल्या चुका लाल शाईने काढतात. यासाठी माझे त्याच्यावरचे सर्व जुने राग, लहानपणी फोडलेल्या रंगपेटीसह, मी सोडून देते.

तेवीस जणांपैकी नऊ जणांना छप्पर मिळाले. चित्राने घर बांधून होत नाही. लोक थांबून बघू लागले, नावे विचारू लागले, एवढेच झाले.

६. हे कलम आज सकाळी वाढवले. वकीलबाई मसुदा वाचताना म्हणाल्या, "या गृहस्थांचा पत्ता लिहा. ओळख पटायला लागतो."

मी पेन उचलले आणि थांबले. चार वर्षे हे 'उलटे' दिवसभर माझ्याशेजारी शाई लावतात आणि संध्याकाळी सरकारी निवाऱ्याच्या रांगेत उभे राहतात. कार्यशाळेची मागची खोली रिकाम्या खोक्यांनी भरलेली. जगाला कळवळा यावा म्हणून चित्रे छापणाऱ्या मला हे सुचले नव्हते. मी मरेपर्यंत त्यांना थांबायला लावणार होते.

मी त्यांना म्हटले, "तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"घाई नव्हती," ते म्हणाले. "तुमची तब्येत चांगली आहे."

सबब मागच्या खोलीचा ताबा माझ्या पश्चात नव्हे, आजच दिला आहे. वकीलबाई म्हणतात, असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी लिहिले आहे. पत्त्याच्या जागी या कार्यशाळेचा पत्ता घातला आहे.

सर्व कलमे मला वाचून दाखवली, समजली, मान्य आहेत.

सही: (उजव्या हाताची, शाईच्या डागासह)

साक्षीदार: १. औषधांचे दुकानदार. २. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला व तो मागे घेतलेला नाही.

ठिकाण: कार्यशाळा. दिनांक: एकोणीस एप्रिल, दुपारी चार. मागच्या खोलीत खाट सरकवण्याचा आवाज चालू आहे.