लंगड्या घाटाचं ओझं

४ जानेवारी १९९४
उज्जैन आवडलं बुवा! बँकेने बदली केली तेव्हा साताऱ्यात सगळ्यांची तोंडं पडली होती. इथे मात्र फ्रीगंजात ऐसपैस खोल्या मिळाल्या, खाली मराठी घरमालक आणि नाक्यावर पोहे-जलेबी. घरमालक शरच्चंद्रकाका इथले पिढीजात. डावा खांदा पार खाली गेलेला, पण माणूस गोड. मी सह्याद्रीत भटकणारा हे कळताच खूश झाले. रविवारी मला विंध्यातला लंगडा घाट दाखवणार आहेत. बायको, गौरी, संक्रांतीनंतर येईल. तोवर मी मोकळाच.

९ जानेवारी
वाट कसली, सुटे दगड आणि काटे. इंग्रजांपुढे हरलेली मराठी फौज इथूनच पळाली. काकांचे खापरपणजोबा एका जखमी सरदाराची डोली वाहत होते. माथ्यावरच्या चौथऱ्यावर त्यांनी ती टेकवली आणि जीव घेऊन पळाले. सरदार जिवंत होता, हाका मारत होता.
त्याच चौथऱ्याशी काका थांबले. म्हणाले, "मंदार, थकलो रे. ही बॅग जरा पकडून घे ना."
वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? खांद्याला लावली. रिकामी असून जड होती. उतरताना काका अगदी ताठ चालत होते.

१० जानेवारी
बॅग परत दिली, ओझं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, लचक आहे. मानेवर कुणाचा तरी श्वास लागतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.

१२ जानेवारी
खांद्यावर बोटांचे निळे वळ उठलेत. काकांना जाब विचारला. रडले. त्यांना हे वडिलांकडून आलं. त्या सरदाराला खाली ठेवता येत नाही. कुणी राजीखुशीने खांदा दिला, तरच सुटका.
"घरच्याला कसा देऊ? तू बाहेरचा होतास रे."

१३ जानेवारी
टॉवर चौकातून साताऱ्याला फोन लावला. गौरीला येऊ नकोस सांगायचं होतं. ती सकाळीच निघाली होती.

१५ जानेवारी
आली. तिळगूळ घेऊन. जवळ येऊ दिलं नाही. हिरमुसली — तिला सांगू तरी काय? मेलो तरी चालेल, तिला द्यायचं नाही.

१६ जानेवारी
उठवत नाही. कानाशी सारखं — चला, चला —
उजव्या हाताने लिहितोय. गौरी शेजारी बसली. म्हणते, अहो, उठा, माझ्या खांद्यावर हात टाका —
नको म्हणायचंय. तोंड उघडत —
डावा हात. मीच टाकला. मीच —
देवा, किती हलकं वाट