आहेराची निळी वही

शनिवार, ६ जुलै
आलं: कच्च्या रेशमाची वस्त्रं तीन, नऊ लाख अरिआरी, सात वर्षांच्या बचतीतून. कोळसा, चार पोती, एक लाख वीस हजार (घासाघीस करून). वशिंडाचा बैल एक, एकवीस लाख. तांदूळ, पन्नास किलोच्या बारा गोण्या, किंमत आणणाऱ्यानं घेतली नाही. वशिंडाचा बैल, आणखी एक. हा सकाळी फाटकाला बांधलेला आढळला. पांढराशुभ्र, गळ्यात चिठ्ठी: 'साहेबांच्या वडिलांना, जिल्बेर तांदूळवाल्याकडून.'
बाजारात चौकशी केली. तसल्या बैलाचे चोवीस लाख पडतात. निळ्या वहीत तेवढे लिहिले. आहेर हा आहेर असतो. घ्यायचा, लिहायचा, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढाच, किंचित वर टाकून, परत न्यायचा. माझी आई हेच करायची. मी सव्वीस वर्षं करते आहे. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण वजाबाकी आजवर चुकलेली नाही.
दहा ऑगस्टला मामंजींचं कार्य. थडगं उघडायचं, हाडं बाहेर घ्यायची, नवं रेशीम पांघरायचं, खांद्यावर घेऊन नाचायचं, पुन्हा निजवायचं. यांच्या स्वप्नात मामंजी आले होते. थंडी वाजते म्हणाले.
सुझेत वन्सं म्हणाल्या, "सात वर्षं बाबांना घाम येत होता वाटतं. दादा मंत्री झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात बरी हुडहुडी भरली!"
वन्संना माझं बरं कधी पाहवलंच नाही.

सोमवार, ८ जुलै
पहाटे प्रार्थना. कर्नलसाहेबांसाठी विशेष. मार्चमध्ये त्यांनी आधीच्या अध्यक्षांना विमानात बसवलं नसतं तर हा देश लुटारूंनी खाल्ला असता. देवानं झाडू पाठवला. हे पुरवठा खात्यात बावीस वर्षं दुय्यम राहिले. आता हंगामी मंत्री. शपथेला कर्नलसाहेबांनी प्रत्येकाला पांढरे हातमोजे दिले. 'स्वच्छ हात सरकार.' मी दर रविवारी नीळ घालून धुते.
निश्चय: १. सरकारी गाडी घरकामाला नाही. २. मांस फक्त रविवारी. ३. दारात आलेली प्रत्येक वस्तू वहीत.

मंगळवार, ९ जुलै
सरकारी गाडीतून बाजारात गेले. गुडघा. शिवाय ड्रायव्हर म्हणाला, गाडी त्या बाजूला जाणारच होती.
तांदूळ किलोला एकवीसशे! मे महिन्यात अठराशे होता. हे पुरवठामंत्री असताना! यांच्या कानावर घालायला हवं.

सोमवार, १५ जुलै
आलं: साखर, दोन पोती. तेल, सहा डबे. थडग्यासाठी फरशी, एक ट्रक. सगळं लिहिलं. यंदा वहीत चौथा रकाना आखला: निमित्त. देणारा काय बोलून देतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, म्हणजे परत नेताना आपल्यालाही शोभेलसं बोलता येतं. फरशीवाल्याचं निमित्त: 'गोदामाच्या कंत्राटाबद्दल साहेबांना दुवा.' किती नम्र माणूस.
यांना वही दाखवली. म्हणाले, "ऑनोरीन, सगळंच लिहायचं नसतं गं." यांना गाजावाजा पहिल्यापासून आवडत नाही. मी आणखी बारीक अक्षरात लिहीन.

गुरुवार, २५ जुलै
वीज नाही. फोन नाही. सकाळपासून हे मंत्रिमंडळाच्या बैठकीत. आले ते डोकं धरून. कमांडंट झाफिसोलो, म्हणजे स्वच्छ हात समितीचे अध्यक्ष, यांना सर्वांदेखत म्हणाले, तांदळाचं जहाज बंदरात अठरा दिवस का थांबलंय? हे म्हणाले, आणि तुमचं लाकडाचं जहाज एका दिवसात कसं सुटलं? मग कोणी कोणाला 'बराकीतला' म्हणालं, कोणी कोणाला 'फायलीतला'. कर्नलसाहेब उठून गेले. हे मंत्रिमंडळ आहे की नळावरची रांग?
मी म्हटलं, खरं असेल ते सांगून मोकळं व्हायचं. हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दमलेत.
तांदूळ चोवीसशे.

शनिवार, १० ऑगस्ट
कार्य पार पडलं. ज्योतिषानं दिलेली वेळ साधली. दोनशे माणसांचा अंदाज होता, साडेआठशे आली. बँड अंगणात मावेना. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. मामंजींना नव्या रेशमात गुंडाळलं तेव्हा मी रडले. हयातीत त्यांनी मला 'हिशोबी बया' म्हटलं होतं, ते आज माफ केलं.
कमांडंट झाफिसोलोही आले! स्वतः खांद्यावर मामंजींना घेऊन थडग्याभोवती तीन फेऱ्या नाचले. इतकं भांडूनही. मोठं मन. जाताना पाकीट दिलं आणि वाकून माझ्या कानात दोन शब्द बोलले. वहीत घेतले. शेजारीच कर्नलसाहेबांच्या पत्नीचं पाकीट.
वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बाबांना ओळखणारी यात वीस माणसं तरी आहेत का?"
मी म्हटलं, पुण्याई मेल्यावरच कळते.

रविवार, ११ ऑगस्ट
चर्चमधून आल्यावर पाकिटं मोजली. जिल्बेरचं तीनदा मोजलं. एक कोटी वीस लाख. घेरीच आली. एवढा आहेर परत कसा करायचा? जिल्बेरची आई ठणठणीत आहे म्हणतात, तेवढाच धीर. आजपासून घरात करपलेल्या भाताचं पाणी, चहा बंद.
संध्याकाळी चहा केला. पाहुणे होते.

मंगळवार, २० ऑगस्ट
वर्तमानपत्रात यांचा फोटो. मथळा: 'पुरवठामंत्री तांदूळ कोणाला पुरवतात?' जिल्बेरचं जहाज, परवाना, 'भेटवस्तू'. भेटवस्तू काय? आहेर आणि लाच यातला फरक न कळणारी पोरं बातम्या लिहितात! संपादकाला पत्र लिहिणार आहे.
पाद्रीबाबांच्या पत्नी प्रार्थनेनंतर माझ्याशी न बोलता निघून गेल्या. ऐकू आलं नसेल.
तांदूळ अठ्ठावीसशे. रांगेत एक बाई माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. माझी शाल नवी होती, त्यामुळे असेल.

शनिवार, २४ ऑगस्ट
संपादकाला पत्र लिहिलं नाही. कागद महाग आहे.
यांनी कर्नलसाहेबांच्या कचेरीत नऊ वेळा फोन केला. साहेब बैठकीत. साहेब सरावाला. साहेब जेवायला. नवव्यांदा सेक्रेटरी म्हणाला, "साहेब आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत." हे दोन्ही एका वाक्यात कसं बसतं मला कळलं नाही.
वाणिज्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, संध्याकाळी मागे घेतला. शिक्षणमंत्री म्हणाले, यांचे हातमोजे आधीपासूनच मळके होते. खोटं! मी स्वतः धुतलेत.

गुरुवार, २९ ऑगस्ट
ठरवलं. हे पुरुष नुसते ओरडतात, पुरावा कोणाकडेच नाही. माझ्याकडे आहे. चोर कधी वही ठेवतो का? प्रत्येक आहेर, तारीख, किंमत, निमित्त, सगळं शाईत. वही बघितली की पाच मिनिटांत समजेल, या घरात लपवण्यासारखं काही नाही.
यांना सांगितलं नाही. यांचा स्वभाव संकोची.

सोमवार, २ सप्टेंबर
बसनं गेले. तिकीट सहाशे. समितीच्या कचेरीत कमांडंट स्वतः उठून उभे राहिले. खुर्ची दिली, चहा दिला. वही चाळली. विचारलं, "अक्षर कोणाचं?" म्हटलं, माझंच. "आणि निमित्ताचा रकाना?" म्हटलं, शब्दाला शब्द, मनाचं काही नाही. मध्येच एका पानाशी थांबले, चहा गार होईपर्यंत. मग म्हणाले, "मादाम, अशी वही या देशात प्रत्येक मंत्र्याच्या घरी असती तर!"
पावती दिली. क्रमांक ११८, पानं शहाण्णव. मी पानं मोजूनच सही घेतली.
परतीच्या वाटेवर देवाचे आभार मानले. रात्री गोड करावं म्हणते.

मंगळवार, ३ सप्टेंबर
सकाळी सहाला यांना न्यायला जीप आली. मला वाटलं सत्काराला. हातमोजे काढून दिले. शिपाई म्हणाला, "नको आई, तिथं लागत नाहीत."

शुक्रवार, ६ सप्टेंबर
तुरुंगात भेटीचा दिवस. भात, मेथीसारखा पाला घालून केलेला रस्सा, डाळिंब. पहारेकऱ्यानं डाळिंब ठेवून घेतलं.
यांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "निमित्ताचा रकाना भरला होतास?"
म्हटलं, अर्थात. एकही रिकामा नाही.
भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत. निघताना म्हणाले, "बारा गोण्या विकून टाक. आजच." म्हटलं, त्या परवाच जप्त झाल्या. हे हसले. लग्नानंतर इतके पहिल्यांदाच हसले असतील.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
घराला सील. वन्संकडे राहायला आले. खोली लहान पण कोरडी. वन्संनी एकदाही टोमणा मारला नाही, त्यामुळे जेवण गेलं नाही.
वर्तमानपत्रात माझी वही छापली आहे, फोटोंसकट. अक्षर छान आलंय. पान एक ते तीस, आणि तेहतीस ते शहाण्णव. छापणाऱ्यांचा निष्काळजीपणा.
नवे पुरवठामंत्री: कमांडंट झाफिसोलो. तांदूळ बत्तीसशे.

बुधवार, १८ सप्टेंबर
आमंत्रण आलं. कमांडंटांच्या आईचं कार्य, अठ्ठावीस तारखेला. स्वप्नात आल्या होत्या म्हणे, थंडी वाजते म्हणाल्या. त्यांच्या घरावरून आले. फाटकाला पांढराशुभ्र बैल बांधलाय, गळ्यात चिठ्ठी.
वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जाणार तुम्ही? ज्यानं दादाला आत टाकलं त्याच्या घरी?"
म्हटलं, तुमचे दादा सुटतील तेव्हा सुटतील. आहेर फेडायचा राहिला असं आमच्या घराबद्दल कोणी म्हणता कामा नये. घर, गाडी, मोजे, सगळं गेलं. एवढं एक माझ्या हातात आहे. शिवणयंत्राला गिऱ्हाईक मिळालंय. फक्त आकडा पक्का हवा.
समितीला पत्र लिहिलं. वन्संनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग स्वतः उठून पर्समधून रजिस्टर टपालाचे पैसे काढले, ज्या बाईनं मला सव्वीस वर्षांत एक काडेपेटी दिली नाही! म्हणाल्या, "याची एक नक्कल वर्तमानपत्राकडे पण टाकू या का? पोस्टात हरवलं तर?"
म्हटलं, पोस्टावर माझा विश्वास आहे. आणि दोन रजिस्टरांचा खर्च कशाला.
वन्सं कपाळाला हात लावून बसल्या. पत्र एकच गेलं. नक्कल इथे ठेवते:

मा. चिटणीस, स्वच्छ हात समिती, यांस
सविनय नमस्कार. आपली पावती क्रमांक ११८ अन्वये माझी निळी वही, पानं शहाण्णव, आपणाकडे आहे. वर्तमानपत्रात चौऱ्याण्णवच आली. पान एकतीस व बत्तीस आपणाकडे कपाटामागे वगैरे पडली असावीत. वहीच्या टाचण्या सैल होत्या, दोष माझाच.
पान एकतीसवर मा. कमांडंट झाफिसोलो यांचा आहेर आहे. तो अठ्ठावीस तारखेस त्यांच्या मातोश्रींच्या कार्यात परत करावयाचा आहे. निमित्ताचा रकाना मला तोंडपाठ आहे: 'जहाजातला माझा चौथा हिस्सा साहेबांनी विसरू नये.' तेच शब्द मीही त्यांच्या कानात म्हणेन. रक्कम मात्र चाळीस लाख होती की बेचाळीस, एवढीच शंका आहे. पान बत्तीसवर कर्नलसाहेबांच्या पत्नींचा आहेर आहे, त्यांच्याकडील कार्य निघेल तेव्हा तेही लागेल.
दोन लाखांनी चूक झाल्यास आमच्या घराण्याची मान खाली जाईल. तरी पान शोधून नेमका आकडा उलट टपाली कळवावा, ही विनंती.