पिवळ्या रेघेच्या मागे

शनिवार, ७ जून

प्रिय कोरी,

तू पंचवीस यार्डांवर पाठमोरी उभी होतीस, निशाणाच्या फळीवरून जुन्या कागदाच्या पिना उपसत होतीस, आणि माझ्या हातात भरलेलं पिस्तूल होतं.

हे वाक्य मला चार दिवस लिहिता आलं नाही. फोनवर तर बोलताच आलं नसतं. आता लिहिलंय, तर पुढचं सावकाश सांगतो. तूही सावकाश वाच. तुझी मेव शाळेतून यायच्या आत वाचून संपव.

मंगळवारची सकाळ तुला आठवत असेल. नेमबाजीच्या क्लबात आपण दोघंच होतो. पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता. खाणीच्या त्या खोलगट जागेत वारा नसतो, त्यामुळे तो खाली पडत नव्हता आणि वरही जात नव्हता. पत्र्याच्या छपराखाली बाकं ओली होती, तू बाहीनं पुसलीस. म्हणालीस, पॉप, आज हरलास तर दुपारचं जेवण तुझ्याकडून. दोन फेऱ्या झाल्या. मग मीच हाळी दिली, रेघ थंड, आता बाकाशी कुणी जायचं नाही. तू माझ्यामागून तेच म्हणालीस, मी शिकवलं तसं. पिस्तूल रिकामं करून, उघडं करून बाकावर ठेवलंस, मला दाखवलंस, आणि नवा कागद घेऊन चालत गेलीस. मी पिवळ्या रेघेच्या मागे सरकलो. इथपर्यंत सगळं मला स्वच्छ दिसतं.

पुढचं सांगणं अवघड आहे, कारण त्यात काही घडलं असं मला वाटलंच नाही. कानांवर त्या जाड वाट्या असल्या की जग पाण्याखाली गेल्यासारखं होतं, हे तू लहानपणी म्हणाली होतीस. तसंच होतं. कापूस तरंगत होता. ऊन दुधासारखं होतं. मला वाटलं, आपण आत्ताच आलोय. वाटलं, लुसील मागे गाडीत थर्मासमधून कॉफी ओततेय आणि ती येईपर्यंत आपण एक फेरी उरकावी. तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते फक्त त्या सकाळी तिथे नव्हतं. मी रेघ ओलांडली, बाकाशी गेलो, मॅगझीन चढवलं, वरचा भाग मागे ओढून सोडला, हात उचलले. नळीवरच्या पुढच्या खुणेच्या टोकावर निळं जाकीट होतं.

कुणीतरी मध्ये आहे, एवढंच मला वाटलं. कोण आहे, असं वाटलं नाही. ते माणूस बाजूला व्हावं म्हणून मी थांबलो, कोरी. दुकानाच्या दारात कुणी उभं असलं की आपण थांबतो तसा.

बोट चापावर नव्हतं, बाजूला सरळ होतं. त्याचं श्रेय माझं नाही, बोटाचं आहे. पन्नास वर्षांत त्याला जे वळण लागलं ते अजून सुटलेलं नाही. किती दिवस सुटणार नाही ते मला सांगता येत नाही.

मग तू मनगटाच्या मागच्या बाजूनं केसांतला कापूस झटकलास. तुझी आई पीठ भरल्या हातांनी करायची तसा. तेव्हा मी तुला ओळखलं. पिस्तूल खाली ठेवलं, रिकामं केलं, रेघेच्या मागे आलो. तू परत आलीस आणि म्हणालीस, काय रे पॉप, भूत पाहिलंस का. मी म्हटलं, ऊन लागलं. तू म्हणालीस, जूनच्या सकाळी नऊला? म्हातारा झालास. हसलीस. पुढच्या फेरीत तू मला हरवलंस. दुपारी आपण हॅमचे सँडविच खाल्ले आणि पैसे मी दिले.

वॉल्ट मामाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. एक्याण्णव साली, ऑक्टोबरात, तो रेघ थंड असताना बाकाशी गेला. पिस्तुलाला हात लावला नाही. काडतुसांची पेटी पावसात भिजत होती, ती छपराखाली ओढली. पलीकडे तीन माणसं कागद बदलत होती. मी त्या दिवशीचा अधिकारी. मी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांसमोर त्याला एका वर्षासाठी बाहेर काढलं. तो म्हणाला, अरे एमिल, पेटी होती, पुठ्ठ्याची. मी म्हटलं, आज पेटी. तुझ्या आईचा सख्खा भाऊ. तिनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, जेवण मात्र वेळेवर वाढलं, ते जास्त लागलं. वॉल्टनं वर्ष पुरं केलं. एक दिवससुद्धा आधी आला नाही. परत आला तेव्हा पहिल्यांदा त्यानं मला रेघ दाखवली आणि म्हणाला, रंग उडालाय, साहेब. मग आम्ही दोघांनी ती नव्यानं रंगवली.

तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता. आजही वाटतो, आणि म्हणूनच हे लिहावं लागतंय.

आईचीही एक गोष्ट सांगतो. आपण दर जुलैत समुद्रावर जायचो तेव्हा मेरीलँड राज्याची हद्द लागण्याआधीच्या शेवटच्या पंपावर गाडी थांबायची. तू मागच्या सीटवर झोपलेली असायचीस. शेरीफनं दिलेलं, पिस्तूल बाळगायच्या परवान्याचं माझं कार्ड त्या हद्दीपलीकडे बसच्या जुन्या तिकिटाएवढ्या किमतीचं. मी पिस्तूल रिकामं करून पेटीत घालायचो, पेटीला कुलूप, काडतुसं वेगळी, सगळं डिकीत. आई गाडीला टेकून आइस्क्रीम खायची. दरवर्षी तेच म्हणायची. झालं? आता दोन आठवडे साधा माणूस हो. किती हलका चालतोस बघ. मी चिडायचो. मला वाटायचं, हिला कळत नाही. पण समुद्रावरच्या फोटोंत मी खरंच हसतोय. काल काढून पाहिले. एका फोटोत तू माझ्या खांद्यावर आहेस आणि माझे दोन्ही हात वर तुला धरून आहेत. आपण कुठल्या घरात उतरायचो ते मला आठवलं नाही. घराचा रंग आठवला, फिकट हिरवा.

तू अकरा वर्षांची होतीस तेव्हा स्वयंपाकघरात आपण सराव करायचो. रिकामं पिस्तूल, तीनदा तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीच्या टोकावर एक पेनी ठेवायची आणि चाप असा ओढायचा की पेनी पडू नये. पहिल्या दिवशी चाळीस वेळा पडली. फरशीवर त्या आवाजानं आई म्हणायची, घरात टांकसाळ उघडलीय का. आठवड्यानं पेनी पडली नाही. तू ओरडली नाहीस, माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. पेनीकडे पाहत राहिलीस. इतकी स्थिर मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. माझ्याकडे एक खरी गोष्ट होती आणि ती मी तुला दिली, असं तेव्हा वाटलं. येत्या शनिवारी मेवला घेऊन ये असं मी म्हटलं ते त्यासाठीच. ती तर आता बाराची झाली.

बाकीचंही सांगून टाकतो. मार्चमध्ये हालुश्कीच्या नूडल्ससाठी कोबी चिरून ठेवला आणि संध्याकाळी तो पाहून विचार केला, हा कुणी चिरला. एप्रिलमध्ये क्लबातून परत येताना धरणाच्या रस्त्यानं मेरीलँडपर्यंत गेलो. हद्दीचा फलक दिसला तेव्हा गाडी वळवली. पिस्तूल कमरेला होतं. आणखी अर्धा मैल गेलो असतो तर गुन्हा झाला असता, आणि न्यायाधीशाला मी काय सांगितलं असतं, की झाडं सुंदर होती? मग डॉक्टरकडे गेलो. तुला सांगितलं नाही. तिनं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. बारा आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले, दुसरी बाजू कोरी राहिली. मला ते चुकीचं दिसलं नाही. तिनं विचारलं, घरात बंदूक आहे का. मी म्हटलं, बाई, घर पेनसिल्व्हेनियात आहे, नसेल कशी. ती हसली आणि मग हसायची थांबली. म्हणाली, मुलीशी बोला. मी हो म्हटलं, आणि मे महिना गेला.

माझं कार्ड ऑगस्टमध्ये संपतं. नव्या अर्जावर पुष्कळ प्रश्न आहेत. कधी गुन्हा केलात का. दारूचं व्यसन आहे का. कुठल्या न्यायालयानं तुम्हाला वेडं ठरवलंय का. सगळ्यांपुढे मी ‘नाही’ असं लिहू शकतो, आणि ते खरंही आहे. तुम्ही विसरता का, असं कुणी विचारत नाही. मी अर्ज भरला होता. सहीसुद्धा केली होती. बुधवारी फाडला.

गुरुवारी वॉल्टकडे गेलो. तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होता. मी सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगतोय तसं. तो गुडघ्यांवरच बसून राहिला. सुतळी गुंडाळली. मग म्हणाला, पेटी ओढली म्हणून मला एक वर्ष दिलं होतंस. आठवतं? मी म्हटलं, ते आठवतं. तो म्हणाला, म्हणजे सोयीचं तेवढं विसरत नाहीस तू, लेका. मग म्हणाला, पोरीला कळलं? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग मला का सांगतोस, मी काय पाद्री आहे? उठताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी तुला किती वर्षं देऊ, एमिल, असं त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पाणी घालायला गेला.

आता कामाचं. तू एरीत राहतेस, म्हणजे राज्यातच. लग्न करून ओहायोला गेली असतीस तर भानगड होती. इथला कायदा सोपा आहे. पिस्तूल परक्या माणसाला द्यायचं तर दुकानदारासमोर किंवा शेरीफच्या कचेरीत जावं लागतं, बापानं मुलीला द्यायचं तर नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावरून मी ते तुझ्याकडे सरकवलं की झालं. मीठ द्यावं तसं. पण मला तसं नको. शनिवारी आपण आधी बंदुकांच्या दुकानात जाऊ. तू फॉर्म भर, दुकानदार राज्य पोलिसांना फोन लावेल, वीस मिनिटं जातील. तो म्हणेल, एमिल, मुलगीच ना, कशाला हा खटाटोप. मी सांगेन, कर. नोंद होऊ दे. कागदावर तारीख असू दे, तुझं नाव असू दे, माझी सही असू दे. टेबलावरून दिलेलं मी विसरेन.

नंतर क्लबात जाऊ. मेवला तू शिकव. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आवाजही. हाळी तू दे. मी खुर्ची आणीन आणि रेघेच्या मागे बसेन. तेही नको वाटलं तर सांग, मी गाडीत बसेन. तिथूनही दिसतं.

हे पत्र मी का लिहिलं ते आता सांगतो. माफी मागायला नाही, तिचा इथे उपयोग नाही. एक दिवस मी तुला फोन करीन आणि विचारीन, माझं पिस्तूल कुठे आहे. तू सांगशील, मी ऐकणार नाही. तुला चोर म्हणेन, वॉल्टलाही चोर म्हणेन, तुम्ही दोघांनी म्हाताऱ्याला लुबाडलं म्हणेन. मी रागावलो की कसा बोलतो ते तुला माहीत आहे, आणि तुझं मन मऊ आहे. तू देशील. कोरी, देऊ नकोस. दुकानातला कागद दाखव. त्यानं भागलं नाही तर हे पत्र काढ आणि मला वाचून दाखव, निळ्या जाकिटासकट. अक्षर माझंच आहे, ते मला ओळखता येईल. फोनवर जो बोलत असेल त्याचं ऐकू नकोस. त्याला अधिकार नाही. आज दुपारी या पडवीत बसून जो लिहितोय त्याला तू कोण आहेस ते पक्कं माहीत आहे, आणि त्याचं म्हणणं हे आहे. म्हणून पत्र जपून ठेव.

तुला आज ओळखणारा,
तुझाच पॉप

रविवार सकाळ, पाकीट बंद करण्याआधी. वॉल्ट मामा आठ वाजता, चर्चला जायच्या वाटेवर आला. मी पिस्तूल ठेवतो त्या तिजोरीचा आकडा त्यानं बदलला. तोवर मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. नवा आकडा त्यानं चिठ्ठीवर लिहिला आणि ती घडी घालून स्वतःच या पाकिटात टाकली. नंतर आम्ही कॉफी प्यालो.